लाल धाग्याचे मुळे

जौनपूर,
२४ जानेवारी १९८४

चि. सौ. कैलासीस,

गजाधरभैयाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. की इथे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल तुझी भौजी आहे आणि म्हैस आहे. मी नाही, आणि तुझी भाची सुरसती तर माझ्याशी बोलतच नाही. पण आधी चांगली बातमी घे.

तू सुचवलेलं स्थळ रविवारी येऊन गेलं. शिवमूरत कुशवाहा स्वतः, त्यांचे थोरले बंधू, मुलाचे मामा, मध्यस्थ बाराबंकीवाले, आणि त्यांच्या दफ्तरातले एक स्नेही, जे कशाला आले होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. टांगा शाही पुलावर आला तसे व्याही खाली उतरले आणि पुलाच्या कठड्यावरच्या एका दगडी छत्रीत जाऊन बसले. म्हणाले की आमच्या लखनौचंच पाणी इथे येतं, पण इथे ते जास्त शांत दिसतं. मी म्हटलं की तिथे तुम्ही त्याला गटारं दाखवता, ते घाबरून इथे पळून येतं. खूप हसले. माणूस चांगला आहे, कैलासी. मोकळा आहे.

सुरसती त्यांना पसंत पडली. त्यांनी विचारलं की शिकली किती, तर तिने सांगितलं की आठवी, पुढे वाफ्यांना पाणी द्यायला कुणी नव्हतं म्हणून सोडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र मान डोलावली, आणि मुलाचं, उमाकांतचं, एक छायाचित्र तिच्या हाती दिलं. ती उलटं धरून बघत बसली.

आता रडगाणं. भादोच्या पुरात गोमती घरात शिरली ते तुला कळवलं होतं. बियाण्याचं मडकं दोन दिवस पाण्यात होतं. मुळ्याचं सगळं जुनं बी कुजलं. उंचवट्यावर आधीच पेरलेला एक वाफा तेवढा वाचला, आणि त्यातलेही बहुतेक मुळे दुतोंडी निघाले. पाच मात्र आजोबांच्या वेळेपासून निघतात तसे निघाले. सरळ, पोटरीएवढे जाड, सुरी टेकवली की पाणी सुटावं असे. त्या पाचांच्या पानांना सुरसतीने लाल धागा बांधला. बियाण्यासाठी. ते चुलीतही जायचे नव्हते आणि बाजारातही. खालचा भाग कापून डोकं पानांसकट पुन्हा मातीत लावायचं, फागुनात फूल, चैतात डिंगऱ्या, त्यातून बी. तू स्वतः केलंयस हे सगळं, तुला काय सांगायचं. सांगतो आहे कारण दुसरं काही सुचत नाही.

आपल्याकडून पाहुणा चमेलीचं तेल, इमरती आणि मुळा घेतल्याशिवाय पूल ओलांडून गेला तर जौनपूरकराने तोंड कुठे दाखवायचं? तेल दिलं, इमरती बांधून दिली. मुळे दुसऱ्या रानातले आणून ठेवले होते. पण व्याह्यांना शेत बघायची हौस आली. नेमके त्या पाचांपाशी थांबले आणि एकावर हात ठेवून म्हणाले की यांची नजर काढली पाहिजे. माझ्या तोंडातून निघून गेलं की आपलेच आहेत, घेऊन जा. ते लखनौचे, त्यांनी तीनदा नको म्हटलं. मी जौनपूरचा, मी तीनदा घ्याच म्हटलं. दोघांपैकी एकालाही जरा कमी अदब असती तर बी वाचलं असतं. पाच पाहुणे आणि पाच मुळे! माझ्याच हाताने उपटले मी. सुरसती पाण्याचा लोटा घेऊन मागे उभी होती, ती तो लोटा तिथेच ठेवून घरात गेली.

बाजारात बी मिळतं. त्याचा मुळा हातभर व्हायच्या आत आतून पोकळ होतो. पूर्वी नदीकाठाने प्रत्येक घरात आपलं बी होतं, आता त्या रानांत घरं उठली. आपल्या घराचं तेवढं उरलं होतं, ते मी तोंडाने घालवलं.

हे सगळं केवळ मन हलकं करायला लिहिलं. तू त्यांच्या दारात जाऊन एक शब्दही काढायचा नाही. लेकीच्या घरचं आपण पाणी पीत नाही, आणि दिलेला मुळा परत मागायचा? शिवाय मी ते मनातून दिलेच नव्हते असं त्यांना कळलं तर सोयरीक मोडेल, आणि त्यांनी मोडली तर मी त्यांना दोष देणार नाही.

मेहुण्यांना नमस्कार. माझ्या मूर्खपणावर रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा
भैया


डालीगंज, लखनौ,
३१ जानेवारी १९८४

ती. भैयांच्या पायांशी,

कैलासीचा सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग कपाळ बडवून घेतलं. अहो, पाचही? एक तरी दुतोंडी हातात द्यायचा होतात! म्हणायचं होतंत की हे जोडीचे आहेत, लग्नघरी शुभ असतात. पण नाही. तुम्हाला पाहुण्यांपुढे राजा व्हायचं असतं. लहानपणी माझी बाहुलीसुद्धा तुम्ही अशीच शाहगंजच्या मावशीच्या पोरीला देऊन टाकली होती, ते मी अजून विसरलेले नाही.

एक शब्द काढायचा नाही असं तुम्ही बजावलंत. ठीक आहे, मी एक शब्द काढला नाही. पुष्कळ काढले. रागावू नका, पूर्ण वाचा.

पत्र मिळालं त्याच दुपारी लिंबाचं लोणचं घेऊन मी निशातगंजला त्यांच्याकडे गेले. गप्पांगप्पांत कळलं ते असं. एक मुळा बाराबंकीवाल्यांनी घरी नेऊन संपवला. एक मामांनी गाडीतच मीठ लावून खाल्ला, तो स्नेही होता ना, त्याच्या मदतीने, आणि स्नेह्याचा वेगळा घरी गेला तो गेलाच. राहिले दोन. थोरल्या बंधूंनी आपला मुळा यांच्याच घरी ठेवला होता, कारण त्यांची बायको माहेरी आहे. विहीणबाई चंद्रावती स्वयंपाकघरात बसून त्याच दोन मुळ्यांचे पराठे लाटत होत्या. पण डोकी पानांसकट बाजूला परातीत होती, लाल धाग्यासकट!

आता मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. मागता येत नव्हतं. तेव्हा मी एक रीत तयार केली. म्हटलं की आमच्या जौनपुरात सोयरीक ठरली की मुलीकडच्या मुळ्याचं डोकं मुलाच्या घरी मातीत लावतात. त्याला फूल आलं की लग्न निर्विघ्न पार पडतं, आणि बी धरेपर्यंत ते उपटायचं नाही. भैया, इतकी बेमालूम थाप मी आयुष्यात मारली नव्हती. मलाच खरं वाटायला लागलं. विहीणबाईंनी पदर तोंडाशी धरून सगळं ऐकलं आणि लगेच उमाकांतला गच्चीवरचे रॉकेलचे दोन रिकामे डबे आणायला पाठवलं. माती त्याने नदीकाठून आणली. चांगला आहे हो मुलगा. जरा मुका आहे, पण माझ्याकडून डब्याला भोकं कुठे पाडायची ते विचारून घेतलं.

दोन डोकी लागली आहेत. सुरसतीला सांगा. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे.

भौजींना नमस्कार, म्हशीलाही. तुम्ही चिडाल हे धरूनच आहे, तरी धाकटीवरचा लोभ कमी करू नका.

आपली
कैलासी


जौनपूर,
६ फेब्रुवारी १९८४

सौ. कैलासीफुआच्या पाया पडून,

सुरसतीचा नमस्कार वि. वि. तुझं पत्र बाबूजींच्या आधी माझ्या हाती पडलं. ते मी त्यांना दाखवलं नाही. त्यांना थाप मारलेली खपत नाही, आणि मला ती डोकी जगायला हवी आहेत. अम्माला सांगितलं, ती हसून हसून खाली बसली. बाबूजींना एवढंच कळवलं की फुआ खुशाल आहे.

पाणी फार देऊ नका म्हणावं. माती बोटाला चिकटली तर देऊच नका. पानं सगळी ठेवली असतील तर बाहेरची छाटून मधलं कोंब तेवढं ठेवा. फुलाचा दांडा छातीएवढा उंच होतो आणि वाऱ्याने मोडतो, काठीला सैल बांधा. डबे जवळजवळ ठेवा, कारण एकट्या मुळ्याला बी धरत नाही, दुसऱ्याच्या फुलावरून माश्या याव्या लागतात. शेजारच्या गच्चीवर कुणी मुळा फुलू दिला असेल तर तो मोडून टाक. कसा ते मला विचारू नकोस, तुला सुचेल काहीतरी.

बाबूजी रोज सकाळी त्या रिकाम्या वाफ्याशी जातात. पाच खड्डे तसेच आहेत, बुजवू देत नाहीत. काल अटाला मशिदीकडचे एक शेतकरी विचारायला आले की गजाधरभाई, यंदा थोडं बी मिळेल का, तर चैतात या म्हणून सांगितलं. मी आत होते. मला इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मी चुलीत फुंकर मारत बसले, चूल पेटलेली असून.

मी त्यांच्याशी आता बोलते. तूप वाढू का, इतपत.

मुलाचं लिहिलंस ते वाचलं. मुका असेल तर चालेल. डब्याला भोकं खालून पाडली की बाजूने, ते कळव.

लहानीवर जीव ठेव.

तुझी
सुरसती


डालीगंज, लखनौ,
२० मार्च १९८४

चि. सुरसतीस,

फुआचे असंख्य आशीर्वाद. वि. वि. भोकं खालूनही पाडली आणि बाजूनेही. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला काही अर्धवट करता येत नाही असं दिसतं.

होळीच्या आदल्या दिवशी फुलं आली! पांढरी, कडेला जांभळट, अगदी आपल्या रानातल्यासारखी. मी पायऱ्या चढून गेले आणि बघतच राहिले. गुडघे दुखत होते ते विसरले. विहीणबाईंनी दोन्ही डब्यांना हळदकुंकू लावलं आहे. मी म्हटलं ना रीत आहे, मग आता सगळी गल्ली बघायला येते. समोरच्या शुक्लाइनने विचारलं की आमच्या मुलाचं ठरत नाही, आम्ही मुळा लावला तर चालेल का. मी म्हटलं, यंदा नको, एका गल्लीत एकच. शेजारचा मुळा मोडायचं काम असं न मोडता झालं.

पण एक वाईट झालं ते लपवत नाही. माकडं. गेल्या सोमवारी एक मोठा वानर आला आणि त्याने एका झाडाचा अर्धा दांडा ओरबाडून खाल्ला. विहीणबाईंचा आरडाओरडा ऐकून उमाकांत न्हाता न्हाता वर धावला, साबणासकट. अर्धा दांडा उरला आहे, त्यावरही फुलं आहेत. तेव्हापासून तो सकाळी दफ्तरात जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर गच्चीवरच बसतो, मांडीवर काठी घेऊन. जेवणही वरच. त्याचे बाप म्हणतात की पोराची परीक्षा होती तेव्हा इतका बसला असता तर मोठा साहेब झाला असता. दुपारी विहीणबाई राखण करतात. त्यांचं मला कौतुक वाटतं, सुरसती. शहरातली बाई, पण डब्यातली माती बोटाने उकरून कशी वास घेऊन बघतात!

तुझ्या बापाला काही बोलली नाहीस ना? मी त्यांना पत्रात नुसतं हवापाणी लिहिते. इतकी वर्षं मी त्यांच्याशी एवढी कमी कधी बोलले नव्हते, आणि ते मला सोसत नाही.

अम्माला नमस्कार, तुला गुलालाचं बोट. या म्हातारीला विसरू नकोस.

तुझी
फुआ


जौनपूर,
२ एप्रिल १९८४

चि. सौ. कैलासीस,

आशीर्वाद. वि. वि. काल बाराबंकीवाले मुहूर्त घेऊन आले. बैसाखातला निघाला आहे. मी आनंदात होतो. तेवढ्यात त्यांनी मला विचारलं की तुमच्या जौनपूरच्या रीतीप्रमाणे मुळ्याच्या डोक्याला पाणी घालायचं की दूध, आणि आपला मुळा खाऊन टाकला म्हणून पाप तर लागणार नाही ना. मी म्हटलं, कसली रीत? त्यांनी सगळं सांगितलं. सुरसतीकडे बघितलं तर ती भांडी घासायला निघून गेली, आणि तुझी भौजी मला पान करून देऊ लागली. म्हणजे या घरात एकटा मीच वेडा होतो.

कैलासी, तू माझ्यासाठी केलंस हे कळतं. पण माझ्या शहराच्या नावाने खोटी रीत? इथे पूल बांधणाऱ्यापासून इमरती तळणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी नाव राखलं, आणि आपण लोकांच्या गच्चीवर थापा लावल्या. त्या भल्या माणसांनी हळदकुंकू वाहिलं त्याला! मला झोप नाही.

आता नीट ऐक. ते बी धरो वा न धरो, मला त्यातला एक दाणा नको. आजपासून ते सुरसतीचं सासर आहे. त्या घरचं मी पाणी पिणार नाही, तर बी घेऊन पेरू आणि वर्षभर त्याचं खाऊ? तू तुझ्या घरून पाठवशील म्हणशील, तर तूही दुसऱ्या घरी दिलेलीच आहेस. यंदा मी बाजारातलं पेरेन. पोकळ तर पोकळ. पाच खड्डे काल बुजवले.

पण लग्नाला तू आठ दिवस आधी ये. राग आहे म्हणून यायचं टाळू नकोस, तुझ्याशिवाय गाणी कोण म्हणणार. माया आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझा
भैया


डालीगंज, लखनौ,
९ एप्रिल १९८४

ती. भैयांस,

सा. न. वि. वि. लग्नाला येते, पंधरा दिवस आधी येते. गाणी म्हणेन आणि शिव्याही देईन, दोन्ही लग्नातच चालतात.

डिंगऱ्या भरल्या आहेत. दोन्ही झाडांना. मी काल हात लावून बघितल्या, टच्च आहेत. आणि तुम्ही म्हणता, एक दाणा नको. आपल्या आजीने पुराच्या पाण्यातून ते मडकं डोक्यावर घेऊन किल्ल्याच्या चढावर नेलं होतं असं तुम्हीच सांगता ना? तिला कुणी विचारलं होतं का रीत कोणती?

मी खूप विचार केला. तुमचं म्हणणं खोटं आहे असं म्हणायचं धैर्य मला होत नाही, कारण आपले वडीलही असेच होते, माझ्या दारात येऊन उन्हात उभे राहायचे आणि पाण्याला नको म्हणायचे. मी आत जाऊन रडायचे. तेव्हाही काही करता आलं नाही, आताही येत नाही. मला वाट सापडत नाही भैया. हे मात्र खरं की मी थाप मारली ती तुमच्या शहराच्या नावाने नाही मारली, आपल्या घराच्या जिवासाठी मारली.

रागावले आहे. तरी तुमचीच,

कैलासी


निशातगंज, लखनौ,
१८ जुलै १९८४

श्री. रा. रा. गजाधर मौर्य व्याही यांस,

चंद्रावतीचा नमस्कार, वि. वि. व्याह्यांना विहिणीने पत्र लिहू नये हे मला ठाऊक आहे. सुरसतीच्या सासऱ्यांना सांगूनच लिहीत आहे. पहिला सावन माहेरी करायला तिला पाठवते आहे. उमाकांत सोडायला येतो आहे, त्याला दोन दिवस तरी ठेवून घ्या. ती गेली की तो पुन्हा मुका होईल.

एक गोष्ट तुमच्यापाशी बोलायची आहे. माझं माहेर घाघरा नदीच्या काठचं. आम्ही वाळूत कलिंगडं आणि काठावर भाजी करायचो. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून माझ्या हाताला माती लागली ती फक्त पोछा मारताना. तुमचे मुळे घेऊन हे घरी आले आणि मी पानांना लाल धागा बघितला, तेव्हाच मला सगळं कळलं. भाजीवाल्याच्या घरात लाल धागा कशाला बांधतात हे मला कुणी शिकवायला नको. मी यांना म्हटलं, अहो, हे तर त्यांचं बियाणं उचलून आणलंत! हे खुर्चीत बसले ते उठेनात. त्यांनी केवळ कौतुक म्हणून हात ठेवला होता. परत करावं तर दिलेलं परत केल्याचा अपमान, ठेवावं तर तुमचं नुकसान. तोवर तीन गेलेच होते. दोघांनाही जेवण गेलं नाही. आठ दिवस दोन मुळे मी तसेच ओल्या फडक्यात ठेवले. शेवटी ठरवलं की खालचं खाऊ आणि डोकी गुपचूप लावू, पुढचं पुढे. पराठे लाटत होते तेवढ्यात तुमच्या बहीणबाई लोणचं घेऊन आल्या आणि त्यांनी ती रीत सांगितली! हसू दाबायला मला पदर तोंडात धरावा लागला. माझ्या मनात आलं की देवानेच पाठवलं या बाईला. आम्ही त्यांना काही कळू दिलं नाही. तुम्हीही कळू देऊ नका, त्यांना फार अभिमान आहे त्या थापेचा.

व्याही, तुमचं नुकसान झालं ते झालंच. पण मी खोटं बोलणार नाही. ते चार महिने माझे फार सुखाचे गेले. सकाळी उठले की आधी वर जायचे. यांनी एकदा विचारलं की एवढं काय आहे त्या डब्यांत, तर मला रडूच आलं. लग्न होऊन सुरसती आली तेव्हा डिंगऱ्या वाळून दोरीवर होत्या. तिने त्या बघितल्या, एक चोळली, दाणा दाताखाली धरला, आणि माझ्याकडे बघून खाली बसली. दोघी मिळून चोळत बसलो.

तुम्ही हे बी घेणार नाही हे मला सुरसती न बोलताही कळलं. मी तुमच्या जागी असते तर मीही घेतलं नसतं. म्हणून मी तुम्हाला ते पाठवतच नाही. सून माहेरी निघाली की सासू तिची ओटी भरते, ही तर खरी रीत आहे ना? तुमच्याकडची आणि आमच्याकडचीही. तांदूळ आहेत, हळद आहे, दूर्वा आहेत, आणि मुळ्याचं बी आहे. ओटीतलं बाईचं असतं. त्याचं काय करायचं हे तिला बाप विचारत नाही आणि सासराही विचारत नाही. तिला जे करायचं ते ती करील.

अर्धं मी ठेवून घेतलं आहे. मागितल्याशिवाय ठेवलं, तेवढं क्षमा करा.

विहीणबाईंना नमस्कार सांगावा. सुरसतीला भादो संपेपर्यंत ठेवा, पण त्यापुढे नको. आम्हालाही करमत नाही. सोयरीक आहे तशीच गोड राहू दे.

आपली
चंद्रावती


जौनपूर,
१२ सप्टेंबर १९८४

सौ. विहीणबाई चंद्रावतीबाई यांस,

गजाधर मौर्यचा हात जोडून नमस्कार, वि. वि. आपलं पत्र येऊन दोन महिने होत आले. उत्तर लिहायला बसलो की शब्द पळून जायचे. माझ्यासारख्या बोलक्या माणसावर ही वेळ यावी, यावर कैलासीचा विश्वास बसत नाही.

सुरसतीने आल्या दिवशी ओटी सुपात ओतली. तांदळात ते तांबूस दाणे दिसले आणि मी उठून बाहेर गेलो. पुलावर जाऊन एका छत्रीत बसलो. नदी भरून वाहत होती. दिवे लागेपर्यंत बसलो. परत आलो तर तिने दाणे वेचून वेगळे केले होते आणि तुळशीपाशी राखेत घोळून ठेवले होते. मला म्हणाली की बाबूजी, हे तुमचं नाही, माझं आहे, यात बोलायचं नाही.

पाणी उतरल्यावर गेल्या आठवड्यात तिने पेरलं. वाफा तिने केला, बी तिने टाकलं. मी बांधावर बसलो होतो. शेवटी तिची आई खेकसली की नुसते बसता काय, माती तरी ओढा. मग मी माती ओढली. विहीणबाई, लपवून काय करू, रडत रडत ओढली. काल उगवण झाली. एकही दाणा फुकट गेला नाही. आता मी पाणी देतो, तण काढतो आणि कुणी विचारलं तर सांगतो की हे रान माझं आहे, पीक माझ्या लेकीचं आहे. अटाल्याकडचे शेतकरी बी मागायला आले, त्यांना तिच्याकडे पाठवलं. तिने त्यांना पुढच्या चैतात या म्हणून सांगितलं, आणि ते खरं होतं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. त्या रविवारी मी तुमच्या माणसांना पाच मुळे दिले. घ्या घ्या म्हटलं, हसलो, स्वतः उपटून हातात ठेवले. पण ते मी तोंडाने दिले होते, मन मागे धावत होतं. तुम्ही धागा बघूनच ते ओळखलंत आणि मला कधी उघडं पाडलं नाहीत. तुमच्या घरी हळदकुंकू लागलं ते माझ्या न दिलेल्या वस्तूला लागलं, याची मला फार लाज वाटते.

तुम्ही जे अर्धं बी ठेवलंत त्याची क्षमा मागता. तुमच्या गच्चीत त्याचा मुळा इथल्यासारखा होणार नाही, आमची माती ती आमची माती. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. सुरसतीला विचारूनच लिहितो, पौषाच्या आधी तुम्ही स्वतः इथे या. व्याही येतील न येतील, तुम्ही या. वाफ्यात उतरा, हाताने चाचपून बघा, आणि तुमच्या मनाला येतील तेवढे मुळे बियाण्यासाठी निवडून लाल धागा तुम्ही बांधा. तुमच्या घाघरेच्या काठी, तुमच्या माहेरच्या रानात ते न्या.

हे घर पेरण्यापुरतं बी देतं, पण लाल धाग्याचे मुळे बाहेर देत नाही. आजोबांनी दिले नाहीत, वडिलांनी दिले नाहीत. मी देतो आहे, आणि विहीणबाई, या वेळी मनाने देतो आहे.

सुरसती परवाच्या गाडीने निघते. तिच्या आईने ओटी भरून ठेवली आहे. उमाकांतला आशीर्वाद, आपला लोभ माथ्यावर.

आपला
गजाधर